‘काही नाही, घरीच होते’ असं म्हणू नका

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की नोकरी सोडून काही वर्षं घरी राहिलात आणि आता परत कामाला लागायचंय, तर नेमकं कुठे अडतंय ते लिहून पाठवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक व्हॉइस मेसेज आले, एक तर मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना केलेला आहे आणि मी तो दोनदा ऐकला. मी स्वतः बावीस वर्षं एचआरमध्ये काम केलं, मधली सहा वर्षं सोडून, त्यामुळे इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्या प्रश्नात आणखी दहाजणींचा प्रश्न आहे असे निवडलेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, बीकॉम आहे, सात वर्षं मस्जिद बंदरला एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचे. २०१५ ला जुळी मुलं झाली, दोघं सातव्या महिन्यातली, एकाचं वजन दीड किलोसुद्धा नव्हतं, तेव्हा नोकरी सोडली ती सोडलीच. आता मुलं मोठी झालीत, आपलं आपण आवरून शाळेत जातात. मागच्या महिन्यात ठाण्याला एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले. समोरच्यांनी सीव्ही बघितला आणि म्हणाले, एवढी वर्षं काय करत होता? मी म्हटलं काही नाही, घरीच होते. मग जीएसटी येतं का विचारलं, मी म्हटलं व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स यायचा. पाच मिनिटांत बाहेर. परत येताना लोकलमध्ये रडू आवरलं नाही. आमच्या सोसायटीचे हिशोब तीन वर्षं मीच बघते, पण ते काय खरं काम नाही. बेचाळीस वय आहे, उशीर झाला का?

उत्तर : आधी तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांबद्दल बोलू. एक ‘काही नाही, घरीच होते’ आणि दुसरं ‘ते काय खरं काम नाही’. ही दोन्ही आजपासून बंद. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की सांगता सोय नाही, आणि प्रत्येक वेळी पोटात तुटायचं, कारण हे म्हणताना बाईचा आवाज खाली जातो आणि समोरचा माणूस तिथेच तिला मनातून खोडून टाकतो. दीड किलोचं बाळ वाढवणं म्हणजे काय असतं, दर दोन तासांनी मोजून दूध, डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, आणि तेही दोघांचं, हे मला माहितीये. त्याला काही नाही म्हणायचं नाही. पण इंटरव्ह्यूत ते सगळं सांगतही बसायचं नाही. मी सांगते ते वाक्य पाठ करा : ‘२०१५ मध्ये माझी जुळी मुलं वेळेआधी जन्मली, त्यांची तब्येत सांभाळायला मी नोकरी सोडली, आता ती मोठी झालीत आणि मी पूर्णवेळ कामाला मोकळी आहे.’ संपलं. आवाज सरळ ठेवायचा, सॉरी म्हणायचं नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात कामावर यायचं.

आता सोसायटी. तुम्ही तीन वर्षं हिशोब बघताय म्हणजे मेंटेनन्सची बिलं काढताय, सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची शिल्लक, वेगळा ठेवताय, थकबाकीदारांना व्याज लावताय आणि ते नियमातल्या मर्यादेच्या वर जाऊ देत नसणार, बँकेचं स्टेटमेंट वहीशी जुळवताय, ३१ जुलैच्या आत ऑडिट करून घेताय, ३० सप्टेंबरच्या आत एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, उभं राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताय. महिना साडेसात हजारांच्या वर मेंटेनन्स गेला आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर असली की जीएसटी लागतो, यावर तुमच्या मीटिंगमध्ये एकदा तरी भांडण झालं असेल. मग हे अकाउंट्सचं काम नाही तर काय आहे? पगार मिळाला नाही म्हणून ते खोटं होत नाही. सीव्हीत सगळ्यात वर लिहा, किती फ्लॅटची सोसायटी, वर्षाला किती रकमेचा हिशोब, काय काय करता, आणि अध्यक्षांकडून लेटरहेडवर तीन ओळींचं पत्र घ्या. म्हणजे तुमचा गॅप दहा वर्षांचा न दिसता सातचा दिसेल, आणि शेवटची ओळ चालू तारखेची असेल, सीव्ही बघणारा आधी तीच बघतो.

जीएसटीचं मात्र त्या माणसाचं चुकलं नाही, त्याला ते लागणारच. तुम्ही बाहेर होतात तेव्हा तुमच्या क्षेत्रात खरोखर खूप उलथापालथ झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स त्यात गेले. २०१८ ला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारं ऑनलाइन बिल, आलं. २०२० मध्ये हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅली ईआरपी नाइनच्या जागी टॅलीप्राइम आलं. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, हे आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर गेले. वाचून घाबरू नका, कारण आता जे सांगते ते तुमच्या फायद्याचं आहे. १९६१ चा आयकर कायदा जाऊन त्या जागी २०२५ चा नवा आलाय, १ एप्रिल २०२६ ही त्याची लागू होण्याची तारीख. ज्यांना १९४सी आणि १९४जे ही जुनी कलमं झोपेतही आठवायची त्यांनाही आता टीडीएससाठी, म्हणजे पैसे देतानाच कर कापण्यासाठी, कलम ३९३ उघडून बघावं लागतंय, आणि असेसमेंट इयर जाऊन कर वर्ष आलंय. म्हणजे ज्यांनी एक दिवस गॅप घेतला नाही तेही आज नव्याने शिकतायत. अकाउंट्समध्ये परत यायला याच्याइतकी बरी वेळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकायचं कसं तर चाळीस हजारांचा कोर्स लावू नका. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट उतरवता येतं, त्यात ठराविक दोन-तीन तारखांच्याच एंट्री टाकता येतात पण हात बसायला तेवढं पुरे. आणि मग डोंबिवलीतच एखाद्या सीएकडे किंवा टॅक्स कन्सल्टंटकडे जा आणि सरळ सांगा की मला दोन महिने बसू द्या, पगार कमी द्या पण रिटर्नचं काम हाताखालून जाऊ द्या. महिन्याच्या अकरा तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-वन, चौदाला टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांची यादी, दिसायला लागतं, मग पार्टीची खरेदी त्याच्याशी जुळवायची, कुणी बिल चढवलं नाही त्याला फोन करायचे, वीस तारखेला कर भरायचं रिटर्न थ्री-बी. हे चक्र दोनदा पूर्ण केलंत की तिसऱ्या महिन्यात ‘जीएसटी येतं का’ला तुम्ही हो म्हणाल आणि ते खरं असेल. जुलै ते ऑक्टोबर या ऑफिसांमध्ये माणसं कमी पडतात, तेव्हा गेलात तर कुणी नाही म्हणणार नाही.

वयाचं म्हणाल तर एमपीएससीला मर्यादा आहे, खुल्या गटाला ३८ आणि राखीवला ४३. खाजगी ऑफिसात हिशोब लिहायला अशी रेघ नाही. बेचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत सोळा वर्षं होतात, तुम्ही आधी केलेल्या नोकरीच्या दुपटीहून जास्त. उशीर झालेला नाही. ठाण्याच्या त्या माणसाचा नंबर जपून ठेवा आणि चार महिन्यांनी परत फोन करा, मी हे गंमत म्हणून म्हणत नाहीये, असे परत आलेले उमेदवार आम्ही घेतलेत.

प्रश्न : मी २०१७ ला नोकरी सोडली तेव्हा साडेसात वर्षं झाली होती. पीएफ तसाच पडून आहे. मिस्टर म्हणतात काढून टाक, तसंही तू आता जाणार नाहीस. काढू का? (सांगली)

उत्तर : थांबा. पैशाची अगदी नड असेल, आजारपण असेल तर गोष्ट वेगळी, पण ‘तसंही तू जाणार नाहीस’ या कारणासाठी तर अजिबात काढू नका.

नोकरी सोडली तरी त्या खात्यावर व्याज लागत राहतं, वयाच्या ५८ पर्यंत. (सोडल्यानंतरच्या व्याजावर कर भरावा लागतो, तेवढं रिटर्न भरताना ध्यानात ठेवा.) आणि मोठी गोष्ट पेन्शनची आहे, जी कुणी बायकांना सांगतच नाही. पीएफबरोबर पेन्शन योजनेतही तुमच्या नावाने पैसे जातात, त्यात दहा वर्षं भरली की ५८ नंतर पेन्शनचा हक्क लागतो. ही दहा वर्षं सलग लागत नाहीत. तुमची साडेसात झालेली आहेत, उद्या परत नोकरी लागली आणि जुनं खातं त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, जोडून घेतलं की अडीच वर्षांत दहा भरतात. पण आत्ता पेन्शनचे पैसे काढून घेतलेत की ती साडेसात वर्षं पुसली जातात आणि मग शून्यापासून.

आज एक काम करा, पीएफच्या पोर्टलवर लॉगिन होतंय का बघा. बहुतेक जणींचं गाडं इथे अडतं की पीएफला माहेरचं नाव, आधारला सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी, आणि जुनी कंपनी बंद पडलेली. ही दुरुस्ती घाई नसताना करून ठेवायची, नोकरी लागल्यावर एचआर मागे लागतं तेव्हा फार धावपळ होते.

प्रश्न : मी पुण्यात एका आयटी कंपनीत मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासायचं काम, करायचे, पाच वर्षांचा गॅप आहे. आता एका कंपनीने त्यांच्या रिटर्नशिप प्रोग्रॅममध्ये, म्हणजे गॅपनंतर परत येणाऱ्यांसाठीच्या इंटर्नशिपमध्ये, घेतो म्हटलंय, सहा महिने, स्टायपेंड माझ्या जुन्या पगाराच्या निम्मासुद्धा नाही, आणि नंतर परमनंट करूच असं नाही. आणि खरं सांगू का, तिथे माझी एक ज्युनियर टीम लीड आहे. मन तयार होत नाही.

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत, एक पैशांचा आणि एक मनाचा, आणि माझ्या अनुभवात बायका मनाच्या प्रश्नावर अडतात आणि सांगताना पैशाचा सांगतात. तू दोन्ही लिहिलेस म्हणून बरं वाटलं.

आधी प्रोग्रॅमचं. ही पद्धत काही काल आलेली नाही. अमेरिकेत गोल्डमन सॅक्सने २००८ ला रिटर्नशिप सुरू केली, आणि त्याच वर्षी आपल्याकडे टाटा समूहाने बायकांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप काढली. आता बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये असं काही ना काही आहे. चांगल्या ठिकाणी त्याचा खूप उपयोग होतो, पण काही ठिकाणी सहा महिने स्वस्तात काम करून घेतात आणि थँक यू म्हणतात, हेही मी बघितलंय. त्यामुळे हो म्हणायच्या आधी मेलवर विचार, तोंडी नको : मागच्या बॅचमध्ये किती जणी होत्या आणि त्यातल्या किती परमनंट झाल्या, परमनंट झाल्यावर कुठली ग्रेड आणि कुठल्या पगारापासून सुरुवात, सहा महिन्यांत खऱ्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर घालणार का नुसत्या ट्रेनिंगच्या खोलीत बसवणार. पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आलं नाही तर माझा सल्ला नको घेऊस असा आहे. आकडा आला आणि निम्म्याच्या वर असेल तर जा, स्टायपेंडकडे बघू नकोस, पाच वर्षांनी आलेल्या बाईच्या सीव्हीवर या वर्षीचं काम दिसणं याची किंमत त्याहून जास्त आहे. आणि नुसतं मॅन्युअल टेस्टिंग घेऊन जाऊ नकोस. आपोआप टेस्टिंग करणाऱ्या सेलेनियम किंवा प्लेराइट या टूलपैकी एक धर, पोस्टमनवर एपीआय टेस्टिंग शिक, रोज दीड तास तीन महिने. टेस्ट केस लिहिताना कुठे बग असेल याचा जो वास तुला यायचा तो गेलेला नसतो, टूल तेवढं नवीन आहे.

आता ज्युनियरचं. मी २००३ ला सोडलं आणि २००९ ला परत आले. माझी मॅनेजर जी होती तिचं इंडक्शन मी घेतलं होतं, कँटीन कुठे आहे हे तिला मी दाखवलं होतं. पहिल्या दिवशी तिने मला एक शीट प्रिंट करून आण म्हटलं. मी एक्सेल उघडलं तर वरचे मेनूच नव्हते, फाइल, एडिट, व्ह्यू काही नाही, २००७ च्या व्हर्जनने सगळं बदलून टाकलेलं. प्रिंट कुठे आहे ते मला सापडेना. माझे हात गार पडले. वीस मिनिटं मी तशीच बसले, कुणाला विचारायला तोंड उघडेना. मग तीच आली, काही बोलली नाही, माझ्या माउसवर हात ठेवून कोपऱ्यातल्या गोल बटणावर क्लिक केलं, प्रिंट तिथे होतं, आणि म्हणाली, मलाही दोन दिवस लागले होते. त्या दिवसापासून माझ्या मनातला ज्युनियर-सीनियर हा विषय संपला. तुझी ज्युनियर तशी असेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. पण जॉइन व्हायच्या आधी तिला एक फोन कर, ‘मी येतेय, तू लीड आहेस कळलं, छान वाटलं’, एवढंच. पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये अचानक समोर येण्यापेक्षा ते दोघींना सोपं जाईल.

पगार बोलताना जुना पगार किती होता ते विचारलं तर सांग, पण त्याच्यावर टक्के चढवून मागू नकोस, आज त्या कामाला बाजारात काय देतात तो आकडा माग.

प्रश्न : मी २०१४ च्या सुमारास टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झाले, नंतर गावाकडे राहिल्याने नोकरी केली नाही. सर्टिफिकेट सात वर्षांचंच होतं ना, आता परत परीक्षा द्यायची का? (परभणी)

उत्तर : नाही द्यायची. जून २०२१ मध्ये टीईटीची मुदत सात वर्षांवरून आयुष्यभर केली आणि ती २०११ पासूनच्या सगळ्यांना लागू केली, म्हणजे तुमचंही सर्टिफिकेट चालू आहे. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळा हवी असेल तर टेट परीक्षा, म्हणजे अभियोग्यता चाचणी, द्यावी लागेल आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जावं लागेल, नावं सारखी वाटतात पण टीईटी वेगळी, टेट वेगळी. विनाअनुदानित इंग्रजी शाळांमध्ये थेट अर्ज चालतो, तिथे जून सुरू व्हायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच, जाऊन भेटा.

प्रश्न : वनस्पतिशास्त्रात पीएचडी आहे, आठ वर्षं घरी होते. कुठल्याही लॅबमध्ये विचारलं की वय आणि गॅप सांगतात. (कोल्हापूर)

उत्तर : तुमच्यासाठीच असलेल्या योजना आहेत आणि त्या पुरेशा जणींपर्यंत पोचत नाहीत, याचा मला फार त्रास होतो. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण नावाची योजना आहे, आधीची ‘महिला शास्त्रज्ञ योजना’ हिच्यातच आली. त्यात पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी बायकांना स्वतंत्र फेलोशिप आहे आणि वयाची अट नेहमीच्या फेलोशिपपेक्षा बरीच सैल आहे. जैवतंत्रज्ञान विभागाचीही बायोकेअर नावाची आहे. लॅबमध्ये परत उभं राहणं घरच्या वेळेत बसत नसेल तर त्याच वाइज-किरणमध्ये पेटंटच्या कामाचं एक वर्षाचं ट्रेनिंग आहे, ते करून कित्येक जणी पेटंट एजंट झाल्यात, घरून काम करतात, आणि वनस्पतिशास्त्राचं ज्ञान तिथे रोज लागतं. एक मात्र करा, अर्जाची जाहिरात यायची वाट बघू नका. आधी शिवाजी विद्यापीठात किंवा जवळच्या कॉलेजात एक मार्गदर्शक शोधा, प्रोजेक्टची दोन पानं लिहून तयार ठेवा, कारण जाहिरात आली की दिवस थोडे असतात आणि सगळा वेळ सहीशिक्क्यात जातो.

शेवटचं पत्र एका सासूबाईंचं आहे. खरं तर हे सदर त्यांच्यासाठी नव्हतं, पण मला ते बाजूला ठेवता येईना.

प्रश्न : नमस्कार. माझं वय सहासष्ट. मुलगा-सून ठाण्याला असतात, नातू तीन वर्षांचा. सून हुशार आहे, इंजिनियर आहे, तीन वर्षं घरी आहे, आता तिला नोकरी लागतेय. मी उत्साहात म्हणाले जा तू, मी येते नाशिकहून, मी सांभाळीन. आता जवळ आलं तशी मला भीती वाटायला लागलीय. गुडघे दुखतात, बीपीची गोळी आहे, तो पळतो तर माझ्याने पळवत नाही. सकाळी आठ ते रात्री आठ एकटीने. नाही म्हटलं तर तिची नोकरी जाईल आणि मी वाईट होईन. मी स्वतः १९८० ते ८६ टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. मुलगा झाल्यावर बघायला कुणी नव्हतं म्हणून सोडली. परत गेले नाही.

उत्तर : काकू, तुम्ही ‘येते’ म्हणालात हीच फार मोठी गोष्ट आहे आणि भीती वाटतेय म्हणजे तुम्ही शब्द फिरवताय असं अजिबात नाही. सहासष्टाव्या वर्षी बारा तास तीन वर्षांच्या मुलामागे, हे कुणालाच जमणार नाही, आणि एखाद्या दिवशी तुम्ही पडलात तर सुनेची नोकरी त्याच दिवशी सुटेल. म्हणून तुम्ही आत्ता बोलणं हे तिच्या नोकरीसाठीच गरजेचं आहे.

फक्त सुनेशी बोलू नका, मुलगा समोर हवाच. असं होतं की सून आणि सासू दोघी मिळून सगळं ठरवतात आणि ज्याचं पोरगं आहे तो बाहेरच्या खोलीत मोबाइल बघत असतो. तिघं बसा. दिवसाचे तुकडे पाडा. सकाळी नऊ ते एक पाळणाघर किंवा प्लेग्रुप, एक ते चार तो जेवून झोपतो तो वेळ तुमचा, चारनंतर दोन तास एखादी मुलगी ठेवायची जी त्याला खाली बागेत नेईल. सुनेच्या ऑफिसात पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने ठेवावीच लागते, २०१७ च्या दुरुस्तीत ते आलंय, तिला जॉइन व्हायच्या आधी एचआरला विचारू दे, विचारलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही. पोळ्या-भाजीला बाई लावायची, ते काम चुकूनही तुमच्याकडे येऊ द्यायचं नाही, कारण ते ‘आई करतेच आहे’ म्हणत म्हणत येतं.

आणि एक प्रश्न त्याच बैठकीत सुटला पाहिजे, नाहीतर बाकी सगळं फुकट : पोराला ताप आला की रजा कोणाची? पहिल्या सहा महिन्यांत पाळणाघरातली मुलं दर पंधरा दिवसांनी आजारी पडतात, सगळ्यांचीच पडतात. नवीन नोकरीत सुनेने दोन महिन्यांत सहा रजा घेतल्या तर तिच्या नावापुढे खूण पडते, मी ती खूण पडताना बघितलीय. म्हणून पहिलं वर्ष तापाची रजा मुलाने घ्यायची, त्याची नोकरी जुनी आहे, त्याला कुणी काही म्हणणार नाही. हे कॅलेंडरवर लिहून फ्रिजवर लावा. तुमचा शनिवार-रविवार तुमचा, नाशिकला जायचं असेल तर जायचं, एसटीला आता बायकांना अर्धं तिकीट आहे.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. ‘परत गेले नाही.’ काकू, हे तुम्ही सुनेला कधी सांगितलंय का? तिला माहीत आहे का की सहा वर्षं कानाला हेडफोन लावून तुम्ही ट्रंक कॉल जोडत होतात, रात्रपाळ्या केल्यात, आणि मग एका मुलासाठी ते सोडलंत, ज्या मुलाची ती आज बायको आहे? माझा अंदाज आहे की घरात हे कुणालाच नीट माहीत नाही. गुडघ्यांचं सांगायच्या आधी हे सांगा. मग गुडघ्यांचं सांगा. आणि जमलं तर मला परत लिहा, टेलिफोनच्या बोर्डावर पहिल्यांदा बसलात तो दिवस कसा होता, आणि शेवटच्या दिवशी घरी आलात तेव्हा काय केलंत.